दोरा छोटा, प्रवास मोठा!

दोस्तांनो, घरात पृथ्वीगोल आहे ना? मग आईच्या शिवणाच्या डब्यातून हातभर दोरा आणा. एक टोक फिनलंडच्या हेलसिंकीवर धरा, दुसरं जपानच्या टोकियोवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरच्या नकाशात या दोन शहरांना पट्टीनं जोडलंत, तर रेघ कझाकस्तान-मंगोलियाकडून जाते. गोलावरचा दोरा मात्र वर सरकून थेट सैबेरियावरून जातो. गोल पृथ्वीवर जवळची वाट तीच! अंतर साधारण ७,८०० किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटरनं जाणाऱ्या विमानाला चढण्या-उतरण्यासकट साडेनऊ तास पुरतात.

पण दोरा ज्याच्या अंगणातून जातो, त्यानं फाटक लावलं तर?

प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या मालकीचं असतं. परवानगीशिवाय तिथून उडता येत नाही. पूर्वी सैबेरियाचं आकाश सोव्हिएत संघाचं होतं आणि परदेशी विमानांना तिथून जायला सहजी परवानगी मिळत नसे. युरोपातली बरीच विमानं मग अलास्कातल्या अँकरेजला उतरायची, इंधन भरायची आणि जपानला जायची. १९८३ मध्ये फिनएअर कंपनीनं मात्र डीसी-१० विमानात जादा इंधनाची सोय केली आणि न थांबता टोकियो गाठलं. कुठून, तर चक्क उत्तर ध्रुवावरून! वेळ लागला सुमारे १३ तास. पुढे सैबेरियाची वाट खुली झाली आणि ध्रुवाची वाट मागे पडली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. युरोपीय देशांनी रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियानंही उलट तेच केलं. फिनलंड तर रशियाला अगदी खेटून! आशियाला जायची सगळ्यात जवळची वाट आपली, यावरच फिनएअरनं धंदा उभारलेला. तीच वाट गेली. मार्चमध्ये त्यांची विमानं पुन्हा टोकियोला निघाली, पण पुन्हा लांबच्या वाटेनं आणि पुन्हा १३ तासांनी! एक वाट ध्रुव आणि अलास्कावरून, दुसरी दक्षिणेला तुर्कस्तान, कझाकस्तान, चीनकडून. वारा बघून ठरवायचं.

साडेतीन तास उशीर म्हणजे नुसता कंटाळा नव्हे हं. जादा इंधन न्यायचं, तर त्याचं वजन वाहायलाही इंधन लागतं! शिवाय चुंबकीय होकायंत्र ध्रुवाजवळ भरवशाचं राहत नाही. टाकीतलं इंधन गोठू नये म्हणून त्याच्या तापमानावर डोळा ठेवावा लागतो. विमानांत वापरलं जाणारं जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागतं, आणि बाहेरची हवा त्याहून थंड असू शकते.

आणि घड्याळ? ध्रुवावर सगळी रेखावृत्तं एका बिंदूत मिळतात, तेव्हा तिथे किती वाजले म्हणायचे? वैमानिक हा घोळ घालतच नाहीत. ते जगभर एकच प्रमाणवेळ वापरतात. प्रवाशांना मात्र ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र मिळालं, वर स्टिकरसुद्धा!