विश्लेषण : ‘द बिल’मधील पात्रे बदलत गेली, ठाणे मात्र राहिले!

दूरचित्रवाणी मालिका पाव शतकाहून अधिक काळ चालू ठेवायची, तर नव्या कथा सुचणे एवढेच पुरेसे नसते. कलावंतांचे वय वाढते, काहींना दुसरीकडे संधी मिळते, निर्माते बदलतात. अशा वेळी प्रेक्षकांच्या घरचे झालेले पात्र निरोप घेणार कसे? ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवरील ‘द बिल’ या पोलीस मालिकेने 1984 ते 2010 या काळात या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली. त्या उत्तरांतून मालिकेचा उत्कर्ष आणि अखेर, दोन्हींचा उलगडा होतो.

मालिकेचा प्रारंभ कसा झाला?

लेखक जेफ मॅक्वीन यांचे ‘वुडनटॉप’ हे एकच भागाचे नाट्य ऑगस्ट 1983 मध्ये प्रसारित झाले. जिम कार्व्हर हा नवखा शिपाई पहिल्याच दिवशी पूर्व लंडनमधील ‘सन हिल’ या काल्पनिक ठाण्यात रुजू होतो आणि जून ॲकलंड ही अनुभवी सहकारी त्याला गस्तीवर नेते, एवढाच त्याचा गाभा. त्यातूनच ऑक्टोबर 1984 मध्ये मालिका उभी राहिली. ‘ओल्ड बिल’ हा लंडनच्या बोलीत पोलिसांसाठी रूढ असलेला शब्द. मालिकेचे नाव त्यावरूनच आले. प्रारंभीचे भाग तासाभराचे होते. 1988 पासून अर्ध्या तासाचे भाग आठवड्यातून दोनदा, तर 1993 पासून तीनदा दाखवले जाऊ लागले. एकूण भागांची संख्या चोवीसशेच्या पुढे गेली.

तिचे वेगळेपण कशात होते?

एका साध्या, परंतु कठोर नियमात. प्रत्येक प्रसंग पोलिसांच्याच नजरेतून दिसला पाहिजे, असे बंधन लेखकांवर होते. त्यामुळे गुन्हेगार कट रचताना प्रेक्षकाला दिसत नसे. पोलिसांना जेवढे ठाऊक, तेवढेच त्यालाही ठाऊक. पोलिसांच्या घरातही कॅमेरा सहसा शिरत नसे. ठाण्याचा दैनंदिन कारभार हाच कथेचा विषय होता.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ‘पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स ॲक्ट, 1984’ हा कायदा संमत झाला. आरोपीच्या कोठडीची जबाबदारी तपासाशी संबंध नसलेल्या स्वतंत्र अधिकाऱ्यावर आली आणि आरोप न ठेवता स्थानबद्ध करण्याची सर्वसाधारण मर्यादा 24 तासांची ठरली. गुन्हा उघडकीस आणण्याची घाई असलेला गुप्तहेर आणि नियमावर बोट ठेवणारा कोठडीचा सार्जंट यांच्यातील ताण हे या मालिकेचे खरे नाट्य होते. बंदुकीपेक्षा नोंदवही तेथे अधिक महत्त्वाची होती.

या नियमाचा पात्रांच्या निरोपाशी काय संबंध?

फार जवळचा. पात्राचे खासगी आयुष्य पडद्यावर नसेल, तर त्याच्या जाण्यालाही मोठे कारण लागत नाही. बदली, बढती, निवृत्ती, राजीनामा : प्रत्यक्षातील ठाण्यात जे घडते, तेच येथेही घडे. मृत्यू विरळ होते आणि म्हणूनच ते जिव्हारी लागत. 1990 मध्ये मोटारीतील स्फोटात शिपाई केन मेल्व्हिन आणि 1993 मध्ये गोळीबारात व्हिव्ह मार्टेला ठार झाली, तेव्हा प्रेक्षकांना बसलेला धक्का याच संयमाची कमाई होती.

आपल्याकडील ‘सीआयडी’शी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. शिवाजी साटम यांनी साकारलेले एसीपी प्रद्युम्न आणि त्यांचे दोन सहकारी हेच त्या मालिकेचे आधारस्तंभ. गुन्हे बदलत, चेहरे तेच राहत. ‘द बिल’मध्ये नायकपद कोणा व्यक्तीकडे नव्हतेच. ते ठाण्याकडे होते.

दिशा कधी बदलली?

2000 साली डॉन बीच या भ्रष्ट गुप्तहेराचे कथासूत्र कळसाला पोहोचले. त्याच्या हातून सहकारी जॉन बोल्टनची हत्या झाली आणि प्रकरण उघडकीस येताच वरिष्ठ अधिकारी ब्राउनलो यांनाही पद सोडावे लागले. अनेक जुनी पात्रे एकदम बाहेर पडली; तरीही कारण ठाण्याच्या कारभारातूनच उगवलेले होते. 2001 मध्ये सार्जंट बॉब क्रायर सहकारी डेल स्मिथच्या बंदुकीतून चुकून सुटलेल्या गोळीने जखमी होऊन निवृत्त झाले, तेही याच रीतीला धरून.

2002 मध्ये पॉल मार्क्वेस यांच्याकडे निर्मितीची सूत्रे आली आणि जुना नियम मागे पडला. ठाण्याला लागलेल्या आगीत एकाच झपाट्यात सहा पोलीस मृत्युमुखी पडले. प्रेमप्रकरणे, कौटुंबिक कलह, क्रमशः चालणारी कथानके यांना प्राधान्य मिळाले. नवा, तरुण प्रेक्षक आला. पण एकदा खासगी आयुष्य केंद्रस्थानी आले की साधी बदली फिकी वाटू लागते. प्रत्येक निरोप आधीच्यापेक्षा भडक करावा लागतो. 2005 मध्ये नवे निर्माते जोनाथन यंग यांनी मालिका पुन्हा तपासकथांकडे वळवली.

अखेर कशी झाली?

जिम कार्व्हरची भूमिका करणारे मार्क विंगेट 2005 मध्ये नियमित कलावंतांतून बाहेर पडले, जूनची भूमिका करणाऱ्या ट्रुडी गुडविन 2007 मध्ये. 1984 पासूनचा रेज हॉलिस 2008 मध्ये, तर टोनी स्टॅम्प 2009 मध्ये गेला. त्याच वर्षी मालिका आठवड्यातून एकदा, रात्री नऊ वाजता दाखवण्यात येऊ लागली आणि तिची ओळखीची शीर्षकधूनही बदलली. 31 ऑगस्ट 2010 रोजी अंतिम भाग प्रसारित झाला.

पात्रे बदलल्यामुळे ‘द बिल’ संपली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पात्रे बदलू शकली म्हणूनच ती सव्वीस वर्षे टिकली. मात्र बदलत्या माणसांना सामावून घेणारी चौकट लेखकांची सोय म्हणून नव्हे, तर मालिकेचा कणा म्हणून जपावी लागते. आपल्या वाहिन्यांवर वर्षानुवर्षे ताणल्या जाणाऱ्या मालिकांनी सन हिलकडून घ्यावा असा धडा हाच आहे.