विश्लेषण : चोर सोडून संन्याशाला… ९/११ नंतर डॅलसमध्ये ‘सूड’ कुणावर उगवला गेला?

दहशतवादी हल्ला झाला की दुःखाच्या पाठोपाठ संताप येतो आणि संतापाला लगेच कुणीतरी समोर हवा असतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात जवळपास तीन हजार जणांचा बळी गेला. त्यानंतर अमेरिकेतील डॅलस परिसरात एका माणसाने ‘देशाचा सूड’ म्हणून तिघांवर गोळ्या झाडल्या. त्यातले दोघे मरण पावले. जो वाचला, त्यानेच दहा वर्षांनी हल्लेखोराची फाशी टळावी म्हणून कोर्टाची पायरी चढली. सूड, न्याय आणि माफी यांतला फरक सांगणारे हे प्रकरण काय होते?

नेमके काय घडले?

हल्ल्यानंतर चौथ्याच दिवशी, १५ सप्टेंबरला, डॅलसमधील किराणा दुकानात वकार हसन यांना गोळी घालण्यात आली. ते मूळचे पाकिस्तानचे. २१ सप्टेंबरला पेट्रोल पंपावरील दुकानात काउंटरवर उभ्या असलेल्या रईस भुईयां या बांगलादेशी तरुणाला हल्लेखोराने ‘तू कुठला?’ असे विचारले आणि त्याच्या चेहऱ्यावर बंदूक झाडली. चेहऱ्यात ३५ हून अधिक छर्रे घुसले, उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. ४ ऑक्टोबरला मेस्किट येथील पेट्रोल पंपावर भारतातून तिथे गेलेले ४९ वर्षांचे वासुदेव पटेल मारले गेले. ही घटना सीसीटीव्हीत कैद झाली आणि मार्क स्ट्रोमन पोलिसांच्या हाती लागला.

स्ट्रोमनचे म्हणणे काय होते?

आपली सावत्र बहीण वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये मारली गेली, त्या दुःखातून आणि देशप्रेमातून हे केले, असा त्याचा दावा होता. अशी बहीण होती याचा पुरावा मात्र कधीच समोर आला नाही. तो स्वतःला अरबांचा कर्दनकाळ म्हणवून घेत होता. पण ज्यांच्यावर त्याने गोळ्या झाडल्या त्या तिघांपैकी एकही अरब नव्हता. पटेल तर हिंदू होते. दुःख खरे असो वा उसने, त्याने शोधलेला शत्रू पूर्णपणे चुकीचा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

सूड चुकीच्या माणसावरच का उगवला जातो?

विमाने अपहरण करणारे १९ जण त्याच दिवशी मेले होते. कट रचणारे हजारो मैल दूर होते. राहता राहिला तो कोपऱ्यावरचा दुकानदार. तो सहज सापडतो, रात्री-अपरात्री एकटा असतो आणि ‘त्यांच्यासारखा’ दिसतो. सूडाला पुरावा लागत नाही, साम्य पुरते. त्यामुळेच अॅरिझोनातील मेसा शहरात १५ सप्टेंबरलाच बलबीरसिंग सोधी या शीख पंप मालकाचा पगडी आणि दाढीमुळे बळी गेला. अमेरिकेच्या एफबीआयच्या नोंदीनुसार मुस्लिमविरोधी द्वेषाचे गुन्हे २००० मध्ये २८ होते. २००१ मध्ये ते ४८१ वर गेले.

कायद्याने याकडे कसे पाहिले?

स्ट्रोमनवर खटला चालला तो फक्त पटेल यांच्या हत्येचा. टेक्सासमध्ये लुटीच्या वेळी केलेल्या खुनाला मृत्युदंड होऊ शकतो. पंपावर त्याने गल्ला उघडायला सांगितले होते. आपण पैशासाठी नव्हे, सूडासाठी गेलो होतो, हे त्याचे म्हणणे टिकले नाही. एप्रिल २००२ मध्ये त्याला मृत्युदंड सुनावण्यात आला.

मागे राहिलेल्यांचे काय झाले?

या भागाची बातमी सहसा होत नाही. हसन यांच्या पत्नी आणि चार मुलींचा अमेरिकेतील मुक्काम त्यांच्या अर्जावर अवलंबून होता. कर्ता पुरुष गेला आणि कुटुंबावर देश सोडण्याची वेळ आली. अखेर त्यांच्यासाठी अमेरिकी संसदेला २००४ मध्ये खास विधेयक मंजूर करावे लागले. भुईयां यांच्याकडे आरोग्य विमा नव्हता. डोळ्यावरच्या शस्त्रक्रिया सुरू असताना डोक्यावर कर्ज चढत गेले, मायदेशी ठरलेले लग्न मोडले. मित्रांच्या घरी दिवस काढत, हॉटेलात वेटरचे काम करत त्यांनी पुन्हा उभारी धरली.

मग भुईयां यांनी माफी का मागितली?

२००९ मध्ये आईसोबत हजला गेल्यानंतर आपला विचार पक्का झाला, असे ते सांगतात. स्ट्रोमनला मारल्याने एक जीव जाईल, द्वेषाचे मूळ तसेच राहील, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी मोहीम उभारली. मृतांच्या नातलगांनीही तिला साथ दिली. शिक्षेची तारीख जवळ आली तेव्हा भुईयां यांनी थेट टेक्सासचे तत्कालीन गव्हर्नर रिक पेरी यांच्याविरुद्ध दावा लावला. गुन्हेगाराशी समोरासमोर बोलण्याचा पीडिताचा हक्क आपल्याला मिळाला नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयांनी तो मान्य केला नाही. २० जुलै २०११ रोजी रात्री हंट्सव्हिलच्या तुरुंगात विषारी इंजेक्शन देऊन शिक्षेची अंमलबजावणी झाली. त्याआधी दोघांचे फोनवर थोडे बोलणे झाले. जगातला द्वेष थांबला पाहिजे, असे अखेरच्या निवेदनात स्ट्रोमन म्हणाला.

माफी म्हणजे शिक्षाच नको, असे का?

तसे नाही. भुईयां यांनी स्ट्रोमनला सोडून द्या असे म्हटले नव्हते. फाशीऐवजी जन्मठेप द्या, एवढेच मागणे होते. सोधी प्रकरणात मारेकऱ्याची फाशी २००६ मध्ये जन्मठेपेत बदलली गेली. तो जिवंत राहिला म्हणूनच २०१६ मध्ये सोधी यांचे भाऊ त्याच्याशी फोनवर बोलू शकले. त्याने क्षमा मागितली आणि भावाने ती दिली.

इथे एक अवघड प्रश्न उरतो. फाशीचे समर्थन करताना ‘पीडितांना न्याय मिळावा’ असे सांगितले जाते. पण पीडितच ‘हा न्याय आम्हाला नको’ म्हणाला, तर? गुन्हा एका व्यक्तीविरुद्ध नसून समाजाविरुद्ध असतो, हे कायद्याचे उत्तर आहे आणि ते चुकीचे नाही. त्या तत्त्वामुळेच तर स्ट्रोमनसारख्याला ‘माझे दुःख, माझा सूड’ म्हणण्याचा हक्क मिळत नाही. मात्र त्याच तत्त्वाने भुईयां यांचाही शब्द शेवटी बाजूला पडला.