सावलीतले सोबती

पनवेलच्या जुन्या वाड्यांना अंगण होते आणि अंगणात तुळशीवृंदावन होते. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, आणि तुळस बिचारी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे ती वाळली की गृहिणी म्हणते, ‘माझ्या हाताला गुणच नाही!’ पण दोष हाताचा नव्हे, जागेचा. तुळस उन्हाची लेक. तिला खिडकीच द्यावी.

मग कोपऱ्यात काय लावावे? जवळच्या कर्नाळ्याच्या रानात पाहा. मोठ्या वृक्षांखाली नुसत्या कवडशांवर कितीतरी झाडे सुखाने जगतात. मनीप्लँट असाच वृक्षांच्या आधाराने चढणारा वेल. आफ्रिकेतले स्नेक प्लँटही कमी उजेड सोसते.

मात्र ही झाडे उपासाने मरत नाहीत, पाहुणचाराने मरतात! सावलीत माती लवकर सुकत नाही. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. कोकणच्या पावसाळ्यात तर हात अधिकच आखडता ठेवावा. बशीत पाणी साचले की मुळे कुजतात. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. दोन्ही झाडे लहान मुलांच्या तोंडी लागू देऊ नयेत. त्यांच्या पानांचा त्रास होतो.

एवढे सांभाळले, तर अंगण हरवलेल्या घरातही हिरवा कोपरा टिकेल.