गर्भातले हृदय आणि वळसंगचा रस्ता

गर्भातल्या बाळाचे हृदय चौथ्या आठवड्याच्या सुमारास धडधडू लागते आणि आठव्या आठवड्यापर्यंत त्याचे चार कप्पे आकाराला येतात. या काळात एखादा पडदा अपुरा राहिला, झडप अरुंद झाली किंवा दोन महावाहिन्यांच्या जागा उलटसुलट झाल्या, की जन्मजात हृदयविकार उद्भवतो. दर हजार बाळांमागे आठ ते दहा बाळांत तो आढळतो. भारतात अशी दोन लाखांहून अधिक बाळे दरवर्षी जन्मतात, आणि त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्शाला पहिल्या वर्षातच उपचार लागतात.

पोटात असताना यांतल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. फुप्फुसांचे काम वार करते, आणि हृदयातली फट आणि फुप्फुसांची धमनी महाधमनीला जोडणारी छोटी नलिका रक्ताला आडवाटेने नेतात. जन्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत ही नलिका मिटते. ज्या बाळाचे रक्ताभिसरण तिच्यावरच अवलंबून असते, ते नेमके तेव्हा, म्हणजे पुष्कळदा आई घरी परतल्यावर, निळे किंवा पांढरेफटक पडते.

हे आधी कळावे म्हणून गर्भाची हृदय-सोनोग्राफी, म्हणजे फीटल इको, साधारण अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात करतात. १९८० च्या सुमारास लंडनमध्ये लिंडसे ॲलन आणि अमेरिकेत चार्ल्स क्लाइनमन यांनी या शाखेचा पाया घातला. त्या वयात हृदय द्राक्षाएवढे असते आणि मिनिटाला १२० ते १६० ठोके देते. चार कप्पे दिसले म्हणून काम संपत नाही. महावाहिन्यांची अदलाबदल असूनही चार कप्पे व्यवस्थित दिसू शकतात. म्हणून बाहेर पडणाऱ्या वाहिन्या वेगळ्या तपासाव्या लागतात, आणि नेहमीच्या सोनोग्राफीत हीच पायरी घाईत सुटते. आईला मधुमेह असेल, आधीच्या अपत्याला हृदयविकार असेल किंवा नात्यातले लग्न असेल, तर ही तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. सोलापूर–अक्कलकोट पट्ट्यात मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची चाल जुनी आहे, हे इथल्या डॉक्टरला विसरून चालत नाही.

या तपासणीला कायद्याची चौकट आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्यामुळे तपासणारा बालहृदयरोगतज्ज्ञ असला तरी नोंदणीकृत यंत्र आणि या कायद्याचा ‘एफ’ फॉर्म त्याला चुकत नाहीत. दोष अतिशय गंभीर निघाला, तर पुढचा निर्णय आईबापांना घ्यावा लागतो. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भात गंभीर व्यंग असल्यास, चोवीस आठवड्यांपलीकडचा गर्भपातही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने शक्य झाला आहे. ‘बाळ जगेल का?’ या प्रश्नाला चित्र काढून, न घाबरवता आणि खोटा धीरही न देता उत्तर देणे हा या डॉक्टरच्या कामाचा मोठा भाग. तो पुस्तकात शिकता येत नाही.

जन्माआधी उपचार थोडेच होतात. ठोके फार वेगाने पडत असतील तर डिगॉक्सिनसारखे औषध आईला देतात आणि ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते. अरुंद झडप गर्भातच फुग्याने रुंद करण्याचा प्रयोग १९९१ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. दिल्लीच्या एम्समधल्या अशा शस्त्रक्रियेची २०२३ मध्ये देशभर बातमी झाली. बातमी व्हावी असेच ते काम आहे, पण वळसंगसारख्या गावाला फीटल इकोचा खरा लाभ अगदी साधा आहे: बाळंतपण कुठे करायचे ते आधी ठरते.

वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले, अक्कलकोट रस्त्यावरचे गाव. तिथून कुंभारीच्या अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुढे सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात तासाभरात पोहोचता येते. पण नवजात बाळाच्या हृदयाची गुंतागुंतीची शस्त्रक्रिया मोजक्या केंद्रांतच होते. सोलापूरहून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे, मुंबई चारशे. नलिका उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन १९७० च्या दशकात वापरात आले, त्यामुळे वेळ मिळतो. मात्र त्याने बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून गाडीत श्वास देण्याची सोय आणि ती चालवणारा माणूस हवा. निदान आधी झाले असेल तर हा प्रवास आईच्या पोटातूनच होतो.

बालहृदयरोगशास्त्राची सुरुवात मात्र गर्भाच्या नव्हे, निळ्या मुलांच्या तपासणीने झाली. बाल्टिमोरला १९३० पासून मुलांचे हृदय-क्लिनिक चालवणाऱ्या हेलन टॉसिग यांना ऐकू कमी येई. छातीवर हात ठेवून आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर सावल्या वाचून त्या निदान करीत. फुप्फुसांकडे जाणारे रक्त वाढवले तर मूल गुलाबी होईल, ही त्यांची कल्पना. ती शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत कुत्र्यांवर बसवली कृष्णवर्णीय तंत्रज्ञ व्हिव्हियन थॉमस यांनी. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी पंधरा महिन्यांच्या मुलीवर ती केली, तेव्हा थॉमस त्यांच्या मागे उभे राहून सूचना देत होते. नावात मात्र ब्लॅलॉक-टॉसिग एवढेच राहिले. थॉमस यांचे नाव अलीकडे जोडले जाऊ लागले. महाराष्ट्रात हृदयशस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांत मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. पी. के. सेन ठळक. १९६८ च्या फेब्रुवारीत त्यांनी देशातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. तो रुग्ण वाचला नाही.

रोजच्या बाह्यरुग्ण विभागातले काम याहून शांत असते. कप्प्यांमधली लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात. तिथे धीर धरणे हाच उपचार. काही छिद्रे मांडीच्या शिरेतून नेलेल्या छत्रीसारख्या उपकरणाने बंद होतात. मोठे छिद्र वर्षानुवर्षे दुर्लक्षिले, तर फुप्फुसांचा दाब कायमचा चढतो आणि मग शस्त्रक्रियाही उपयोगाची राहत नाही. दूध पिताना कपाळावर घाम येणे, वजन न वाढणे, खेळताना मुलाने मध्येच उकिडवे बसणे ही लक्षणे आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकांना माहीत असली की निम्मे काम होते. शाळकरी वयात संधिवाताच्या तापाने झडपा खराब होतात. तो ताप उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन हा स्वस्त, कंटाळवाणा आणि खात्रीचा उपाय आहे.

अशी मुले हुडकण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरहून सुरू झाला. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. खर्चाची बाजू राजीव गांधी जीवनदायी योजनेने उचलली. २०१२ मध्ये ती ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत सोलापूर होते. आता ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. नवी मुंबईत खारघरच्या सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. तरी मुंबईतला मुक्काम आणि बुडालेली मजुरी कोणत्याही योजनेत बसत नाही.

बालहृदयरोगतज्ज्ञ घडायला अकरा-बारा वर्षे लागतात: साडेपाच वर्षे एमबीबीएस, तीन वर्षे बालरोगातली एमडी, त्यानंतर बालहृदयरोगाचे खास प्रशिक्षण. गर्भाचे हृदय वाचणे त्याहीनंतर, शेकडो तपासण्या करून हाताला येते. इतके शिकलेला माणूस मोठे शस्त्रक्रियागृह असेल तिथेच राहतो, त्यामुळे जिल्ह्याला तो बहुधा ठरावीक दिवशी भरणाऱ्या शिबिरापुरता भेटतो.

शस्त्रक्रिया झालेली मुले आता मोठी होत आहेत. बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो, बालरोगतज्ज्ञाचा दवाखानाही सुटतो, आणि लहानपणी शिवलेल्या हृदयाची माहिती असलेला मोठ्यांचा डॉक्टर जवळपास मिळतोच असे नाही. झडप गळू लागणे, ठोके अनियमित होणे या तक्रारी विशी-तिशीत पुढे येतात. मुलींच्या बाबतीत गरोदरपणाआधी तपासणी हवी आणि गरोदरपणात बाळाचे फीटल इकोही, कारण आईला जन्मजात हृदयविकार असेल तर बाळाला तो असण्याची शक्यता इतरांहून काही पटींनी जास्त असते.