छकडा खालून बघा

आटपाडी तालुक्यात बैलाची पारख नसलेला माणूस शोधावा लागेल. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो, तेव्हा शाळकरी पोरंसुद्धा शिंगं, खूर, पाठ बघून किंमत सांगतात. खिलारच्या प्रकारांतला एक तर ‘आटपाडी महाल’ म्हणूनच ओळखला जातो. पण याच बैलांच्या मागं शर्यतीत जो छकडा पळतो, त्याच्याकडं कुणी वाकून बघत नाही. बैलाचं नाव पंचक्रोशीत गाजतं, ड्रायव्हरचं नाव माइकवरून पुकारलं जातं. छकडा कुणी बांधला असं विचारलं, तर मालकालाही जरा आठवावं लागतं.

छकडे बांधणाऱ्या एका मिस्त्रींच्या पडवीत मी बसत आलो आहे. सुताराचं घर, वडील कुळव आणि गाड्या करायचे. ट्रॅक्टर आल्यावर कामाची लाकडी गाडी गावातून जवळजवळ गेली. राहिली ती हौसेची. मिस्त्रींच्या हाताखालून आता शर्यतीचे छकडे जातात आणि मधूनच एखाद्या डाळिंबवाल्या बागायतदाराची दमणी.

कामाची गाडी जाडजूड असायची. बाभळीचा तुंबा, बारा आरे, घेराला सहा पाटे, वर लोखंडी धाव. खत, कडबा, दगड असं ओझं बैलाच्या चालीनं न्यायचं. एखादा सांधा सैल राहिला तरी जाड लाकूड त्याला सांभाळून घ्यायचं. गाडी करकरायला लागली की मालक पाचर ठोकायचा आणि पुढं निघायचा. छकड्याला ही सवड नाही. वजन उतरवायचं म्हणून त्याचं एकेक लाकूड तासून बारीक केलेलं असतं, वेग कामाच्या गाडीच्या कितीतरी पट, आणि वर जिवंत माणूस. “जड गाडीत चूक लपती, हलक्या गाडीत लपत न्हाई,” असं मिस्त्री म्हणतात. मला ते पुरतं पटलेलं आहे. हौसेची म्हणून जी गाडी आपण कमी लेखतो, तिचीच बांधणी सगळ्यांत कडक लागते.

धाव चढवायचं काम तर जवळ बसून बघावं. आधी चाकाच्या घेराचं माप घेतात. लोखंडी पट्टी त्याहून किंचित कमी मापाची वळवून जोडतात. मग शेणींचा जाळ करायचा आणि पट्टी त्यात लाल होईस्तोवर ठेवायची. तापली की ती वाढते. दोघा-तिघांनी सांडशीत धरून ती आडव्या ठेवलेल्या चाकावर आणायची, चहूबाजूंनी घणाचे ठोके द्यायचे, आणि लाकडाचा धूर डोळ्यांत जात असतानाच पाणी ओतायचं. धाव आकसते. पाटे एकमेकांवर दाबले जातात, आरे तुंब्यात रुततात, सगळं चाक कडाकडा वाजतं. पट्टी किती कमी घ्यायची, यात खरं कसब. फार कमी घेतली तर आरे दाबाखाली वाकतात. पुरेशी कमी घेतली नाही, तर माणदेशातल्या उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव खुळखुळायला लागते. लाकूडच ओलं वापरलं असेल, तर कसलाही हिशेब उपयोगाचा नाही. ऑर्डर घाईची असली तरी मिस्त्री ओल्या बाभळीला हात लावत नाहीत. गिऱ्हाईक परत गेलेलं मी पाहिलं आहे.

चाक झालं की ते आखावर चढवून फिरवायचं आणि कडेला खडू धरायचा. खडूची रेघ सगळीकडं सारखी उठली पाहिजे. नंतर एकेका आऱ्यावर हातोडीचा हलका ठोका. घट्ट बसलेला आरा टणटणीत वाजतो, सैल असलेला बद्द. या परीक्षेला ना यंत्र लागतं ना पैसा.

तोलही तितकाच महत्त्वाचा. आखाच्या मागं वजन जास्त पडलं, तर गाडी उलाळ होते, जू मानेवरून वर उचललं जातं. पुढं जास्त पडलं, तर सगळा भार मानेवर. म्हणून ड्रायव्हर कुठं बसणार हे ठरवूनच साटा बसवावा लागतो. छकड्याला ब्रेक नसतो. निशाण ओलांडल्यावर त्याला थोपवायचं काम बैलांचंच, आणि मागून येणारा रेटा त्यांच्या माना आणि मागचे पाय सोसतात. चांगला छकडा जिंकण्यासाठी तर हलका हवाच, पण मला त्या हलकेपणाचं मोल जास्त वाटतं ते या थांबण्याच्या वेळी.

आता लोखंडी पाइप वेल्डिंग करून केलेले छकडेही दिसतात. लवकर होतात, स्वस्त पडतात, आखात बेअरिंग घातलं की पळायलाही मोकळे. लोखंडाशी माझं वाकडं नाही. पण लाकूड तुटण्याआधी बहुतेक वेळा करकरतं, चिरतं, सांगून तुटतं. वेल्डिंगच्या कडेला पडलेली बारीक चीर रंगाखाली झाकली जाते आणि उसळ्या खाऊन एके दिवशी सांधा सुटतो. बेअरिंगला सील नसेल, तर मैदानातली धूळ त्यात जाते. पाइपचा छकडा घ्यायचा असेल, तर रंग देण्याआधी बघा.

दमणीची तऱ्हा वेगळी. ती पळायची नाही, मिरवायची. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला आपल्या भागातून गाड्या जातात, त्या लांबच्या पल्ल्यासाठी बसणाऱ्याची पाठ सांभाळावी लागते. तिथं नक्षी, छत, घुंगरं यांवर खर्च होतो आणि चाक जुन्या गाडीचं काढून बसवलं जातं, हे मात्र मला खटकतं. शर्यतीची गाडीही सगळीकडं एकसारखी नसते. पुण्याकडं खेड, जुन्नर, आंबेगावच्या घाटात चार बैलांचा गाडा चढावर पळतो, पुढं घोडी असते आणि गाड्यावर माणूस बसत नाही. माणसाचा भार नाही म्हटल्यावर त्या गाड्याची घडणही आपल्या छकड्यासारखी असायचं कारण नाही. तिकडचा गाडा बघून इकडं छकडा बेतणं म्हणजे चूक.

नक्षीकडं बघायचं आणि बांधणी विसरायची, हे मोटारींतही चालतं. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडं अशा गाड्या बऱ्याचदा टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बॅटऱ्या बसवून तयार होतात. आत शिरल्यावर नजर जाते ती गाद्यांवर आणि दिव्यांवर. पण भरलेली टाकी मागच्या चाकांच्याही मागं बसवली असेल, तर ती गाडीही उलाळच. कपाटं नुसत्या स्क्रूवर टांगली आहेत की सांगाड्याला धरून आहेत, हे हात लावून बघावं लागतं. फरक इतकाच की मोटार कॅराव्हॅनला एआयएस १२४ हे मानक आहे. छकड्याला मिस्त्रींच्या हातोडीखेरीज काही नाही.

ही हातोडी आज जास्त लागते, कारण मधल्या काळात छकड्याच्या कामात खंड पडला. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालानं शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदीच्या काळात हातातलं काम गेलं आणि मोकळीक मिळाल्यावर एकदम मागणी आली, तेव्हा छकडे कधीच न बांधलेल्यांनीही ते बांधायला घेतले, असं मिस्त्री सांगतात. आज नियमांत धावण्याचं अंतर एक हजार मीटरच्या आत आहे, काठी-चाबकाला मनाई आहे, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी आहे. हे सगळं योग्यच. छकड्याची तपासणी मात्र मी एकाही मैदानावर पाहिलेली नाही.

मैदान भरवणाऱ्या मंडळींना म्हणून हात जोडून सांगणं आहे. बक्षिसाला ट्रॅक्टर आणि मोटारसायकली उभ्या करता, तशी पशुवैद्यकाशेजारी एका जाणत्या सुताराला आणि एका वेल्डरला खुर्ची द्या. गट सुटण्याआधी प्रत्येक चाक फिरवून बघा, आख बघा, दांडी आणि जू जिथं आवळलंय तो नाडा बघा. ज्याचा आरा बद्द वाजेल तो छकडा मैदानात सोडू नका, बैल कितीही नावाजलेला असला तरी.