पॅच येईपर्यंतचे दिवस

जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे निघालेला कंटेनर घोडबंदर रस्त्याने वरसाव्याच्या नाक्यावर येतो आणि महामार्गाला लागतो. पुढे वसईची खाडी आणि तिच्यावरचा पूल. २०१३ च्या अखेरीस इथल्या जुन्या पुलाच्या गर्डरला तडा गेल्याचं आढळलं आणि अवजड वाहनांना बंदी करावी लागली. २०१६ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. दुरुस्ती होईपर्यंत कोणता भार पुलावर येऊ द्यायचा नाही, हे ठरवूनच दिवस काढावे लागले. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडतो, हल्लेखोरांना तो कळलेला असतो आणि कंपनीचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, अजून आलेली नसते, तेव्हाही नेमकं हेच करायचं असतं. या अवस्थेला झीरो-डे म्हणतात. अशा वेळी ‘आता आपल्या हातात काय आहे?’ असं म्हणून लोक गप्प बसतात. हातात बरंच काही असतं.

‘फोलिना’ नावाच्या दोषाचं उदाहरण घ्या. २०२२ च्या मे अखेरीस जपानमधल्या एका संशोधक गटाला वर्डची एक विचित्र फाइल सापडली. ती उघडली की वर्ड इंटरनेटवरून एक पान मागवायचं आणि ते पान विंडोजमधल्या ‘एमएसडीटी’ या बिघाड तपासणाऱ्या साधनाला हाताशी धरून हवी ती आज्ञा चालवायचं. मॅक्रो बंद ठेवले म्हणजे वर्डची फाइल निर्धोक, ही आपली वर्षानुवर्षांची समजूत इथे कोलमडली. काही प्रकारच्या फाइलींना तर उघडण्याचीही गरज नव्हती, नुसत्या प्रीव्ह्यूनेच काम होई. मायक्रोसॉफ्टने ३० मे रोजी तात्पुरता उपाय जाहीर केला: रजिस्ट्रीतल्या एमएसडीटीच्या नोंदीची आधी प्रत काढून ठेवा, मग ती नोंद काढून टाका. वर्ड चालू राहिलं, कामं चालू राहिली, फक्त त्या साधनाकडे जाणारी वाट बुजली. पॅच आला १४ जूनला. ज्यांनी ३० मेचं ऐकलं त्यांनी मधले पंधरा दिवस निर्धास्तपणे काम केलं.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ च्या जुलैत, विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे छपाई हाताळणाऱ्या सेवेत, ‘प्रिंटनाइटमेअर’ हा दोष उघड झाला. उपाय अगदी सरळ होता: स्पूलर सेवा बंद करा. छपाई थांबते, हे खरं. पण ज्या सर्व्हरला प्रिंटर जोडलेलाच नाही, त्यावरही ही सेवा मुळातच चालू असते. माझ्या मते धडा इथे आहे. जे वापरात नाही ते चालू का ठेवायचं, हा प्रश्न संकट येण्याआधीच विचारून ठेवला पाहिजे.

तात्पुरते उपाय अपुरेही पडतात. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या घटकात मोठा दोष सापडला. तेव्हा एक सेटिंग बदलण्याचा सल्ला दिला गेला. काही दिवसांतच कळलं, की काही परिस्थितींत ते पुरत नाही आणि दोषाचं मूळ असलेला भागच फाइलमधून काढून टाकावा लागतो. म्हणून पहिली सूचना वाचून थांबू नये. सर्ट-इन, म्हणजे केंद्र सरकारचं संगणक आपत्कालीन पथक, आपल्या सूचना पुन्हा पुन्हा सुधारतं, त्याचं कारण हेच.

आता पुन्हा जेएनपीटीकडे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने युक्रेनमधून जगभर मुसंडी मारली. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोसळली, तिच्याच समूहाकडे असलेल्या जेएनपीटीतल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. या हल्ल्यात वापरलेल्या विंडोजच्या दोषावरचा पॅच मार्चमध्येच निघाला होता. पण तो सगळ्यांनी घातला नव्हता, आणि एका उघड्या संगणकात शिरलेला नॉटपेट्या तिथले पासवर्ड चोरून पॅच घातलेल्या संगणकांतही घुसत होता. त्याच दिवशी अमित सर्पर या संशोधकाला दिसलं, की विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘पर्फसी’ नावाची, फक्त वाचता येणारी फाइल आधीच ठेवली तर हा प्रोग्राम तिथेच थांबतो. लस म्हणून ती युक्ती गाजली, पण ती फक्त त्या एका संगणकापुरती होती. फाइल शेअर करण्याची जुनी एसएमबी-१ सेवा बंद ठेवणं, ४४५ क्रमांकाचं पोर्ट गरजेपुरतंच उघडं ठेवणं आणि रोजच्या कामाला अ‍ॅडमिन खातं न वापरणं हे मात्र पुढच्या हल्ल्यांतही उपयोगी पडणारं आहे.

वरसावे-काशिमीरा पट्ट्यातल्या एखाद्या हॉटेलच्या काउंटरवर किंवा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आयटी विभाग नसतो. एकाच संगणकावर बिलं, जीएसटी आणि मेल असतं. तिथे मी तीन गोष्टी मागेन. बॅकअपची एक प्रत संगणकापासून सुटी ठेवा. अनोळखी फाइल त्याच संगणकावर उघडू नका. आणि धोक्याच्या सूचनेनंतर काय बंद केलं, कोणत्या तारखेला, हे वहीत लिहा, म्हणजे पॅच आल्यावर ते पुन्हा चालू करता येतं. नाहीतर महिन्याने प्रिंटर का चालत नाही, हे कोणालाच सांगता येत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत सुरक्षा आधार संपला. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव योजनेत नाव नोंदवलं नसेल, तर विंडोज १० असलेल्या संगणकात यापुढे सापडणाऱ्या दोषांवर पॅच येणारच नाही. तो लगेच बदलणं परवडत नसेल, तर बँकेचे व्यवहार आणि मेल दुसऱ्या यंत्रावर न्या, जुन्या संगणकाचं इंटरनेट काढा आणि त्याच्याकडे फक्त बिलं छापायचं काम ठेवा.