वॉरंटीनंतरची बारा वर्षं

नवी गाडी घेताना शोरूममध्ये मायलेज, सनरूफ, स्क्रीनचा आकार आणि एअरबॅगची संख्या यांवर तासभर बोलणं होतं. हीच गाडी आठव्या वर्षी कशी वागेल, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही आणि विचारलं तरी खात्रीने सांगणारं तिथे कुणी नसतं. बहुतेक कंपन्यांची मूळ वॉरंटी आता तीन वर्षांच्या आसपास स्थिरावली आहे. मारुती सुझुकीनेही आपली दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरची मर्यादा २०२४ मध्ये तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटरवर नेली. दुसरीकडे, खासगी मोटारीची आरटीओकडे पहिली फिटनेस तपासणी होते ती पंधराव्या वर्षी, नोंदणीचं नूतनीकरण करताना. म्हणजे कंपनी तिसऱ्या वर्षी हात काढून घेते आणि धुराची पीयूसी चाचणी सोडली तर सरकार पंधराव्या वर्षी पहिल्यांदा गाडीकडे बघतं. मधल्या बारा वर्षांत जे काही होईल ते मालकाने निस्तरायचं. आजकालच्या गाड्या टिकतात की नाही, या प्रश्नाचं खरं उत्तर या बारा वर्षांत शोधावं लागतं.

‘जुन्या गाड्या रणगाड्यासारख्या होत्या, आताचा सगळा पत्रा’ हे वाक्य प्रत्येक पार्किंगमध्ये ऐकू येतं आणि ते बरंचसं चूक आहे. रस्त्यावर आज दिसणारी तीस वर्षांची गाडी ही वाचलेली गाडी असते. तिच्याबरोबर विकल्या गेलेल्या आणि दहाव्या-बाराव्या वर्षी भंगारात गेलेल्या गाड्या आपल्याला दिसतच नाहीत, म्हणून त्या हिशेबात धरल्या जात नाहीत. पूर्वी कोकणातल्या, गोव्यातल्या खाऱ्या दमट हवेत गाडीच्या दारांच्या खालच्या कडा काही वर्षांतच गंजून चाळणी व्हायच्या. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि विजेच्या साहाय्याने सांदीकोपऱ्यांपर्यंत चढवलेला प्रायमर आल्यापासून हे चित्र बदललं. कार्ब्युरेटर गेला, तसं थंडीत चोक ओढून गाडी सुरू करणं आणि दर काही महिन्यांनी स्क्रू फिरवून ट्यूनिंग करून घेणंही गेलं. इंजिन ऑइल सुधारलं, भागांमधलं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत राखलं जाऊ लागलं. अमेरिकेत १९९५ मध्ये रस्त्यावरच्या मोटारींचं सरासरी वय साधारण साडेआठ वर्षं होतं. २०२४ मध्ये ते १२.६ वर्षांवर गेलं. नव्या गाड्या महागल्या म्हणून लोक जुन्या जास्त वर्षं ठेवतात, हे त्यामागचं एक कारण आहेच. पण मुळात चालण्याजोगी नसलेली गाडी कुणालाही इच्छा असली तरी ठेवता येत नाही.

बिघाडांच्या नोंदी जिथे नीट ठेवल्या जातात, तिथेही हेच दिसतं. जर्मनीतला आडाक हा मोटारचालकांचा मोठा क्लब रस्त्यावर अडलेल्या गाड्यांची दरवर्षी मोजदाद करतो. अलीकडच्या वर्षांत त्यातल्या ४० टक्क्यांहून जास्त गाड्या अडल्या त्या इंजिनामुळे नव्हे, तर साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीमुळे. अमेरिकेत जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना तक्रारी विचारते. तिथे सगळ्यात जास्त त्रास असतो स्क्रीन, ब्लूटूथ आणि आवाजी सूचनांचा. पिस्टन, क्रँक, गिअर ही जुनी लोखंडी मंडळी आता क्वचितच आजारी पडतात. मग वॉरंटी संपताना लोकांच्या पोटात गोळा का येतो? ती भीती निराधार आहे असं मला वाटत नाही. गाडी पूर्वीपेक्षा कमी वेळा बिघडते, पण बिघडली की ती दुरुस्त होत नाही, तिचा भाग बदलला जातो. आणि तो भाग आता सुटा मिळत नाही.

हेडलाइटचंच बघा. हॅलोजनचा बल्ब गेला तर तो दोन-चारशे रुपयांत मिळतो, मागची रबरी टोपी काढून, तारेची क्लिप सोडवून रस्त्याच्या कडेलाही बदलता येतो. आताच्या अनेक गाड्यांमधला एलईडी हेडलॅम्प हा सीलबंद डबा असतो. त्यात दिव्यांची पट्टी, उष्णता शोषणारं धातूचं पान, विजेचं नियंत्रण करणारं छोटं सर्किट आणि पुढची काच हे सगळं एकत्र चिकटवलेलं असतं. एलईडी स्वतः हॅलोजनच्या कितीतरी पट टिकतो, त्यात शंका नाही. पण चार पावसाळ्यांनंतर सील सुटून आत वाफ धरली किंवा ते छोटं सर्किट जळलं, तर सर्व्हिस सेंटर अख्खा हेडलॅम्प बदलायला सांगतं आणि बिल हजारांत, मोठ्या गाड्यांचं तर कित्येक दहा हजारांत जातं. हाच प्रकार स्टिअरिंगच्या इलेक्ट्रिक मोटारीचा आहे, एबीएसच्या युनिटचा आहे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर बदलणाऱ्या नियंत्रक युनिटचा आहे. पावसाळ्यात उंदरांनी वायरिंग कुरतडलं, तर तारेचा एक तुकडा जोडून भागेलच असं नाही, पूर्ण वायरिंग हार्नेस बदलावं लागू शकतं. शिवाय उंदरांनी केलेलं नुकसान वॉरंटीत कधीच बसत नाही.

बरेच दोष वॉरंटीनंतरच का वर येतात, यामागे कंपन्यांची काही लबाडी असते असं सरसकट मानायची गरज नाही. यंत्र सुरुवातीला बिघडतं ते बनवण्यातल्या चुकांमुळे, मग बराच काळ शांत चालतं आणि शेवटी झिजेमुळे पुन्हा बिघडू लागतं. वॉरंटी त्यातला पहिला टप्पा आणि शांत काळाची सुरुवात एवढंच झाकते. नव्या गाड्यांमध्ये झीज म्हणजे फक्त धातूची झीज राहिलेली नाही. उष्णतेने कडक होणारं प्लॅस्टिक, दमट हवेत खराब होणारं रसायन आणि साठत जाणारी काजळी हीसुद्धा झीजच आहे. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडत गेलं, त्यामुळे एअरबॅग उघडताना धातूच्या चिरफाळ्या उडून माणसं मेली आणि जगभरातून सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले. तिसऱ्या वर्षी तपासून हा दोष कुणालाच सापडला नसता. चीनमध्ये फोक्सवॅगनच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सबद्दल इतक्या तक्रारी आल्या, की २०१२ मध्ये कंपनीने त्याची वॉरंटी दहा वर्षांपर्यंत वाढवली आणि २०१३ मध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ आला. तो स्वच्छ व्हायला आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि त्यासाठी गाडी सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. पुणे-कोल्हापूर महामार्गावर धावणाऱ्या गाडीला हे आपोआप मिळतं. कोथरूड ते डेक्कन एवढंच रोज करणाऱ्या गाडीला ते कधीच मिळत नाही. मॉडेल एकच, मायलेज एकच, तरी पाचव्या वर्षी दोघांची कहाणी वेगळी.

इथे प्रश्न येतो दुरुस्ती कोण करणार याचा. स्टिअरिंगखाली एक सोळा पिनांचा सॉकेट असतो. मेकॅनिक त्यात स्कॅनर लावतो आणि पडद्यावर ‘पी०४२०’सारखा कोड येतो. त्याचा अर्थ, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही असं संगणकाला वाटतंय. पण तसं वाटण्याचं कारण कन्व्हर्टर निकामी होणं असू शकतं, त्याच्या पुढचा-मागचा ऑक्सिजन सेन्सर चुकीचं वाचत असेल किंवा सायलेन्सरच्या सांध्यातून हवा शिरत असेल. यातला एक खर्च काही शेकड्यांचा आहे, दुसरा काही हजारांचा, तिसरा त्याच्या कितीतरी पट. कोड लक्षण सांगतो, निदान माणसाला करावं लागतं. त्यासाठी कंपनीची माहितीपुस्तिका, खरं सॉफ्टवेअर आणि अस्सल सुटे भाग लागतात, आणि नेमकं हेच बाहेरच्या गॅरेजला मिळत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला तो याच कारणासाठी. सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजना खुली करा आणि ग्राहक बाहेर गेला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं आयोगाने त्या आदेशात बजावलं. नंतर प्रकरण अपिलांत अडकलं. वॉरंटीनंतरची गाडी कितपत भरवशाची, हे ठरवण्यात त्या आदेशाचा वाटा कुठल्याही इंजिनाइतकाच मोठा आहे, असं माझं मत आहे.

याचा पुरावा आपल्याकडेच होता. फियाटचं १.३ लिटरचं मल्टीजेट डिझेल इंजिन रांजणगावात आणि मानेसरला बनायचं आणि मारुती, टाटा, फियाट या तिघांच्या गाड्यांत बसायचं. ते निर्दोष अजिबात नव्हतं. टायमिंग चेन सैल व्हायची, धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात नेणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने चोक व्हायचा. पण ते इतक्या गाड्यांत होतं, की तालुक्याच्या गॅरेजमधल्या पोरालाही आवाजावरून चेन ओळखता यायची आणि सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळायचे. म्हणून दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली स्विफ्ट किंवा इंडिका व्हिस्टा घ्यायला कुणी घाबरत नसे. तो भरवसा कारखान्यात जितका तयार झाला, तितकाच गावोगावच्या गॅरेजांत झाला. २०२० मध्ये नव्या निकषांबरोबर ते इंजिन थांबलं.

यावर म्हणता येईल की डीपीएफ, सेन्सर, एअरबॅग हे सगळं हवा आणि जीव वाचवण्यासाठी आलं, ते स्वस्तात दुरुस्त होत नाही म्हणून नाकारायचं का? अजिबात नाही. बीएस-६ गाडीचा धूर आणि जुन्या डिझेलचा धूर यांची तुलनाच नको. पण दिव्याचं सर्किट वेगळं बदलता न येण्याने ना हवा स्वच्छ होते ना कुणाचा जीव वाचतो, तो केवळ रचनेचा निर्णय असतो. दुसरा आक्षेप वाढीव वॉरंटीचा. ती घेणं बहुतेकांच्या हिताचंच आहे, विशेषतः टर्बो पेट्रोल आणि ऑटोमॅटिक गाड्यांना. मात्र क्लच, ब्रेक, रबरी भाग, बॅटरी तिच्यात नसतात, एक सर्व्हिस बाहेर केली तर दावा अडू शकतो आणि साधारण पाचव्या ते सातव्या वर्षी तीही संपते. गाडी तोवर दुसऱ्या मालकाकडे, बहुतेकदा कमी ऐपतीच्या घरात गेलेली असते. सगळ्यात मोठं बिल त्या घराच्या वाट्याला येतं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत अन्यायाचं वाटतं. विजेच्या गाड्यांत फिरते भाग मोजके असल्याने इंजिनाची चिंता मिटते, पण प्रश्न बॅटरीवर सरकतो. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी दिलासा देते. पुढे आतला एक खराब मॉड्यूल बदलून मिळणार की पूर्ण पॅक, यावर त्या गाडीची जुन्या बाजारातली किंमत ठरेल.

म्हणून गाडी निवडताना पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे तेच इंजिन आणि तोच गिअरबॉक्स किती वर्षं, किती मॉडेलांत विकला जातोय, आणि आपल्या गावापासून जवळ तो उघडणारं कंपनीबाहेरचं कुणी आहे का. पहिल्या वर्षातलं नवंकोरं तंत्र घेणारा ग्राहक नकळत चाचणीचा खर्च उचलतो. याहून नेमकं सांगायला आकडेवारी लागते. जर्मनीत गाडी तीन वर्षांची झाली की पहिली सक्तीची तपासणी होते, मग दर दोन वर्षांनी, आणि कुठलं मॉडेल कितव्या वर्षी किती टक्के नापास झालं ते छापून येतं. आपल्याकडे तसं काही छापून येत नाही. २०२१ पासून रिकॉलचे नियम आहेत, तेही सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना आणि सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असणाऱ्या दोषांपुरते. पण पीयूसीसाठी प्रत्येक बीएस-६ गाडी वर्षातून एकदा तपासणी केंद्रावर येते. तिथे नळी धुराड्यात घालतात, नंबरप्लेटचा फोटो काढतात आणि नोंद थेट सरकारी संगणकावर चढते. स्टिअरिंगखालचा तो सॉकेट तेव्हा हाताच्या अंतरावर असतो. त्यात प्लग लावून साठलेले कोड नोंदवायला दोन-तीन मिनिटं पुरतील, आणि मॉडेल व वर्षानुसार ते प्रसिद्ध केले, तर आठ वर्षांची गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला विक्रेत्याच्या शब्दापलीकडचं काहीतरी हातात मिळेल.